काहिलीवरचा डोळा

(पहाटेचा अंधार. चुलवाणाच्या तोंडाशी आग. दूर उसाचा ट्रॅक्टर.)

निपाणीहून आत वळलं की वेदगंगेच्या काठानं ऊसच ऊस. दिवाळी सरली की इथली गुऱ्हाळं पेटतात. साखर कारखान्यांनी बहुतेक ऊस ओढून नेला, तरी काही गुऱ्हाळं अजून तग धरून आहेत. आपण आलोय त्यातल्या एकावर.

काहिलीजवळ, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईजवळ, उभे आहेत ते मामा, इथले गुळव्या, गूळ शिजवणारे. गळ्यात टॉवेल, हातात लांब दांड्याचं फावडं. थर्मामीटर नाही. घाण्यातून आलेला रस काहिलीत पडला की पुढचे अडीच-तीन तास मामा फक्त बघतात. आधी रानभेंडीचं चिकट पाणी पडतं, मळी वर येते, ती काढून टाकतात. मग फेस चढतो. सुरुवातीला पांढुरका आणि हलका, पुढे पिवळा आणि जड. शेवटी बुडबुडे मोठे होतात, सावकाश फुटतात, आणि त्यांचा आवाजसुद्धा बदलतो.

(जवळून: बुडबुडा फुगतो, क्षणभर थांबतो, फुटतो.)

हा बुडबुडा नीट बघा. पाणी उडून गेलं की पाक घट्ट होतो आणि वाफेला बाहेर पडायला जोर लावावा लागतो. पाकाचा घट्टपणा या बुडबुड्याच्या अंगावरच लिहिलेला असतो. मामा तो वाचतात. कॅमेऱ्याला वाचता येईल का, एवढाच आपला प्रश्न आहे.

याच्या जवळचं काम जगात झालेलं आहे. तांबं, शिसं, जस्त यांच्या खनिजाची भुकटी पाण्यात कालवून खालून हवा सोडतात. धातूचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात. त्या फेसावर कॅमेरा लावून बुडबुड्यांचा आकार, रंग आणि वेग मोजायचं संशोधन 1990च्या दशकापासून जोरात चाललंय. खाणीतला फेस मोजता येतो, तर काहिलीतला का नाही?

आम्ही करून बघितलं. बांबूला फोन बांधला आणि काहिलीवर धरला. दहाव्या मिनिटाला पडद्यावर नुसतं धुकं. वाफ काचेवर बसली होती. कारखान्यांत यासाठी काचेपुढे स्वच्छ हवेचा झोत सतत सोडतात. आम्ही सायकलचा पंप आणला, तो काही पुरला नाही. दुसरी अडचण उजेडाची. पहाटे बल्ब, सकाळी तिरकं ऊन, मध्येच धूर. एकच पाक कॅमेऱ्याला तीन रंगांचा दिसतो. म्हणून चौकटीत कायम एक ठरावीक रंगाची पट्टी ठेवावी लागते. तिच्याशी ताडून मगच पाकाचा रंग सांगायचा.

रंगाबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बाजाराला पिवळाधमक गूळ हवा असतो, म्हणून काही ठिकाणी हायड्रॉस पावडर टाकून रंग उजळतात. नुसत्या रंगावरून गुळाला गुण देणारं यंत्र बनवलं, तर ते पावडरीलाच शाबासकी देईल, आणि तपकिरी, चोख गूळ करणारा मार खाईल. यंत्राला काय बघायला शिकवायचं, हे आधी ठरवायला हवं.

मग साधा तापमापक का नको? हवाच. काकवी साधारण 105-106 अंशांना उतरते, गूळ 118च्या आसपास. पण हे आकडे समुद्रसपाटीचे. उंचावर हवेचा दाब कमी असतो. बेळगाव साधारण 750 मीटरवर आहे, तिथं पाणीच 97-98 अंशांना उकळतं. पाकाचा आकडाही तेवढाच खाली सरकतो. पुस्तकातला आकडा जसाच्या तसा घेतला की पाक पुढं जातो, गूळ करपट होतो. शेवटच्या काही मिनिटांत दोन अंशांचा फरक पुष्कळ असतो.

(मामा बोट ओलं करून पाकाचा थेंब गार पाण्यात सोडतात.)

गोळी वळली. भांड्याच्या कडेवर आपटली. टण्!

“ऐकलास न्हवं? आता येळ न्हाई लावायचा.”

पण मामांची खरी करामत याच्या आधीच होऊन गेली. गोळी बघायच्या बऱ्याच आधी त्यांनी जाळव्याला, म्हणजे चुलवाणात जाळ घालणाऱ्याला, चिपाड टाकायचं थांबवलं होतं. चुलवाणातली आग कळ दाबून विझत नाही. जाळ कमी केला तरी काहील काही वेळ तापतच राहते. अभियांत्रिकीत याला डेड टाइम म्हणतात. नियंत्रणाचं अर्धं दुखणं याच्यातच आहे. पाक तयार दिसल्यावर जाळ काढला, तर उशीर झालेला असतो.

निकोलस मिनोर्स्की या अभियंत्यानं जहाजाचं सुकाणू आपोआप चालवण्याबद्दलचा आपला निबंध 1922 साली लिहिला. त्याआधी त्यानं सुकाणू धरणाऱ्या खलाशांकडे बारकाईनं बघितलं. खलाशी फक्त जहाज किती वळलंय एवढंच बघत नाही. ते किती वेगानं वळतंय, आणि आधीपासून कुणीकडे ओढतंय, तेही तो ध्यानात घेतो. आज कारखान्यांत तापमान, वेग वगैरे आपोआप ताळ्यावर ठेवणारा पीआयडी नियंत्रक सगळीकडे दिसतो, त्याच्या मुळाशी हेच निरीक्षण आहे.

मामांच्या शेजारी असं कुणी बसलंय का? विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ बेळगावातच, निजलिंगप्पा साखर संस्थाही तिथंच. इथून पाऊणशे किलोमीटर. दरवर्षी किती पोरं प्रोजेक्टसाठी विषय शोधत फिरतात. त्यांनी हिवाळ्यातले पंधरा दिवस इथं यावं. प्रत्येक आदणाचं, म्हणजे एकेका काहिलीभर रसाचं, चित्रीकरण करावं, आणि मामा ज्या क्षणी जे बोलतात ते त्या क्षणावर लिहून ठेवावं. कॅमेऱ्याला शिकवायला हजारो चित्रं मिळतील, पण त्या चित्रांत काय दिसतंय हे सांगणारी माणसं कमी होत चाललीत. मामांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. हे काम शिकणारं दुसरं कुणी नाही.

(दुसरं आदण. काचेपुढे आता छोटा पंखा. कोपऱ्यात घड्याळाचे आकडे.)

जाळव्या कन्नड बोलतो, मामा मराठी. पण या एका क्षणासाठी मामांच्या तोंडी कन्नडच येतं. काहिलीवरची नजर न हलवता ते ओरडतात,

“साकु!”

पुरे. जाळव्या हातातलं चिपाड खाली टाकतो. पडद्यावर 6 वाजून 41 मिनिटं. पाक अजून उकळतोय, बुडबुडे अजून मोठे व्हायचेत. आम्ही त्या चित्रावर मामांचा शब्द लिहितो.