तुलनेचा पडदा आणि भूक

ही बोटे पाहा. मित्रमंडळींचा फोटो फोनवर येताच ती आधी स्वतःचा चेहरा शोधतात, तो मोठा करतात, हनुवटीखालच्या घडीवर थांबतात आणि मग शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीच्या दंडाकडे सरकतात. फोटोत सगळेच हसत आहेत. पाहणारीला मात्र त्यात दोनच शरीरे दिसत आहेत, एक तिचे आणि दुसरे तिच्याहून बारीक असलेले.

जिथे ठोस मोजमाप हाती नसते तिथे माणूस आपल्यासारख्या माणसांकडे पाहून स्वतःला जोखतो, असे लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडले होते. मासिकाच्या मुखपृष्ठावरची मॉडेल आपल्यासारखी नसते, हे वाचणाऱ्याला निदान ठाऊक असे. समाजमाध्यमांवर समोर येणारी कंबर वर्गातल्या मुलीची असते, म्हणून ती आपल्यालाही जमायला हवी असे वाटते आणि जमली नाही की दोष आपल्याच पदरात पडतो. त्या मुलीनेही बऱ्याच फोटोंतून एक निवडला असेल, त्यावर फिल्टर चढवले असेल, हे समजत नाही असे नाही. पण ते समजेपर्यंत तुलना उरकलेली असते. शिवाय एखाद्या चित्रफितीवर नजर जरा रेंगाळली, तर ती आवडीने रेंगाळली की अस्वस्थतेने, हा भेद यंत्रणेला सहसा कळत नाही, आणि तशाच आणखी चित्रफिती पुढे येत राहतात.

माध्यम नव्याने पोहोचल्यावर काय होते, हे फिजी बेटांवर पाहायला मिळाले. तिथे भरलेले, धष्टपुष्ट शरीर हे कुटुंबाने नीट काळजी घेतल्याचे लक्षण मानले जात असे. नाद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. ॲन बेकर या संशोधिकेने त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा खाण्याविषयीच्या बिघडलेल्या वृत्तीकडे बोट दाखवणारे गुण मिळवणाऱ्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्याचे आढळले. पाहणी लहान होती, दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या, आणि त्या काळात इतरही बरेच काही बदलत होते. तरीही मालिकांतल्या पात्रांसारखे दिसावे म्हणून वजन कमी करायचे आहे, असे त्या मुली स्वतःच सांगत होत्या.

सगळे खापर पडद्यावर फोडणे मात्र सोयीचे असते, कारण त्यामुळे घरातली तोंडे दोषातून सुटतात. ‘किती सुटलीस!’ हे वाक्य काळजीपोटी येते, ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ हे कौतुकापोटी, आणि ऐकणारीला दोन्हींतून एकच कळते, की तिच्या शरीरावर सतत लक्ष आहे. ती बारीक आजारपणामुळे झाली की उपाशी राहून, हे कोणी विचारत नाही. मुलग्यांच्या वाट्याला हाच प्रकार उलट्या दिशेने येतो: पीळदार छाती, रुंद खांदे, आणि कितीही व्यायाम केला तरी आपण किरकोळच आहोत ही खंत.

मग खाणे कमी होते, आणि इथून पुढे शरीर स्वतःचे नियम लावते. १९४४ आणि १९४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या संशोधकाने ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून त्यांच्यातले बदल नोंदवले. हे तरुण वजनाच्या चिंतेने तिथे आलेले नव्हते. तरी ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, काही जण पाककृती जमवू लागले, ताटापुढे बराच वेळ रेंगाळू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. पुरेसे अन्न पुन्हा मिळू लागल्यावर काहींना पोट भरूनही थांबता येईना. आज डाएट करणारी मुलगी रात्री अचानक भरमसाट खाते तेव्हा ती त्याला स्वतःचा नादानपणा समजते, दुसऱ्या दिवशी आणखी कडक उपास धरते आणि पुन्हा तिथेच येऊन पोहोचते. मला या सगळ्या विषयात सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट हीच वाटते: जिला ती मनाची कमजोरी म्हणते, ती बहुतांशी उपासमारीला शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते.

कायद्यानेही काही प्रयत्न झाले. मॉडेलचे शरीर बदललेल्या जाहिरातींवर तसे नमूद करणे फ्रान्सने २०१७ पासून आणि नॉर्वेने २०२२ पासून बंधनकारक केले. हेतू चांगला असला तरी अशा सूचनांमुळे पाहणाऱ्याची स्वतःविषयीची नाराजी घटते, असे प्रयोगांत सहसा दिसलेले नाही. कॅनडातल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, तो अधिक आशादायक आहे: ज्या तरुणांनी समाजमाध्यमांचा वापर तीन आठवडे दिवसाला सुमारे तासाभरावर आणला, त्यांचे स्वतःच्या दिसण्याविषयीचे आणि वजनाविषयीचे मत सुधारले. अर्थात, आहारविकार, म्हणजे खाण्याशी असलेले नाते बिघडवणारा मानसिक आजार, जडलेल्या व्यक्तीला एवढ्याने बरे वाटेल असे नाही.

आहारविकार नेहमीच्या वजनाच्या माणसालाही होतो, म्हणून वजनकाट्यावर विसंबून चालत नाही. चारचौघांत जेवायचे टाळणे, जेवून लगेच न्हाणीघरात जाणे, घासाघासाचा हिशेब ठेवणे, अशा गोष्टी वारंवार दिसू लागल्या, तर डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे लवकर जावे. उपचारात सुरुवातीलाच ठरलेल्या वेळी पुरेसे जेवण पुन्हा बसवले जाते, आणि रुग्ण किशोरवयीन असेल तर ती जबाबदारी काही काळ आईवडिलांनी हाती घ्यायची असते.