बुबुळापुढची काच

(यंत्रमागाचा खडखडाट. आवाज मध्येच थांबतो.)

सोलापूरच्या पूर्व भागात धागा तुटला की माग थांबतो. कामगार दोन्ही टोकं चिमटीत धरतो, गाठ मारतो, चादर पुन्हा विणली जाऊ लागते.

डोळ्याच्या काचेला अशी गाठ मारता येत नाही.

ही काच म्हणजे कॉर्निया. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. तिच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो. काचेत मुरणारं पाणी तो रात्रंदिवस उपसत राहतो, म्हणून आरपार दिसतं. मोठ्या माणसात एका चौरस मिलिमीटरला साधारण २५०० पेशी. एक मेली तर नवी येत नाही, शेजारणीच पसरून जागा भरतात. आकडा ५०० च्या खाली घसरला की काच फुगते, धुरकटते.

(दवाखाना. अंधारी खोली.)

विडी वळणाऱ्या मावशींना काचबिंदू आहे, अरुंद कोनाचा. म्हणजे बुबुळ आणि काच यांच्यातला, डोळ्यातलं पाणी बाहेर जायचा कोपरा चिंचोळा. थेंबांनी बाहुली बारीक झाली, डोळ्यावर भिंग बसलं. "मावशी, कपाळ पट्टीला टेकवा. हलू नका हं." टक. टक. वरच्या पापणीआड, बुबुळाच्या कडेला लेझरनं बारीक भोक पडलं, अडलेल्या पाण्याला वाट झाली.

"झालं का ओ एवढ्यात?"

झालं. पण लेझर गेला तो याच काचेतून. कोन अरुंद असला की बुबुळ काचेला जवळजवळ भिडलेलं असतं, आणि या लेझरचा, यॅग त्याचं नाव, धक्का आतल्या थराला बसू शकतो. पूर्वी आर्गॉन लेझरनं भोक पाडत, त्याला ऊर्जा पुष्कळ लागे. जपानमध्ये तर अशा लेझरनंतर काही वर्षांनी काच फुगून कॉर्निया बदलावा लागलेले कितीतरी रुग्ण आढळले. यॅगला ऊर्जा बरीच कमी लागते.

उघड्या कोनाच्या काचबिंदूत एसएलटी करतात, म्हणजे पाणी बाहेर जायच्या जाळीवर लेझर. त्यानंतरची काचेची सूज बहुतेकदा काही दिवसांत ओसरते. क्वचित काच पातळ होऊन चष्म्याचा नंबर बदलतो. डोळ्यात पूर्वी हर्पिस (एका विषाणूचा संसर्ग) होऊन गेला असेल, तर डॉक्टरांना लेझरआधीच सांगा.

म्हणून लेझर टाळायचा का? मुळीच नाही. कॉर्निया बदलता येतो. काचबिंदूनं सुकवलेली दृष्टीची नस बदलता येत नाही. फक्त काचबिंदूचा झटका (डोळ्यातला दाब एकाएकी वाढणं) येऊन गेला असेल किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, तर आधी पेशी मोजून घ्या. साधा फोटो असतो. आणि लेझरनंतर डोळा ठणकला, लाल झाला, धुरकट दिसायचं थांबेना, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

मावशींचा दुसरा डोळा पुढच्या गुरुवारी. त्याआधी पेशींचा फोटो.