सहाशे किलोमीटर दूरची बैठक

(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : लाकडी सभागृह. खुर्च्या रिकाम्या. मंचावर चार तरुण वादक, तालीम सुरू होण्याच्या बेतात.]

ऐका. अजून एकही सूर वाजलेला नाही. पहिलं व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलीनं नाकानं एक आखूड श्वास घेतला, आणि त्या श्वासासरशी उरलेल्या तिघांचे गज तारांवर टेकले. सुरुवात कधी, लय कोणती, पहिला सूर ठाशीव की हळुवार, हे सगळं त्या एका श्वासात सांगून झालं. यांच्यासमोर छडी घेऊन उभा राहणारा कुणी नाही.

याला चेंबर म्युझिक म्हणतात. चेंबर म्हणजे दालन, खोली. दोघांपासून आठ-नऊ जणांपर्यंतचा हा मामला. मोठ्या ऑर्केस्ट्रात पहिल्या व्हायोलिनची एकच ओळ चौदा-सोळा जण मिळून वाजवतात. इथे प्रत्येक ओळ एकट्याच्या हातात असते, कुणाच्या मागे लपायची सोय नाही. आपण ज्याला बैठक म्हणतो, तिच्याशी याचं नातं मला फार जवळचं वाटतं. श्रोता हाकेच्या अंतरावर, आणि वादकाच्या कपाळावरची आठीसुद्धा दिसणारी.

आपण आहोत फिनलंडमध्ये, कुह्मो नावाच्या गावात. राजधानी हेलसिंकीपासून रस्त्यानं सुमारे सहाशे किलोमीटर, रशियाच्या सीमेलगत. सगळीकडे जंगल आणि तळी. गावाची हद्द पाच हजार चौरस किलोमीटरहून मोठी आणि माणसं जेमतेम आठ हजारांच्या घरात. देशाची लोकसंख्याच मुळी सुमारे ५६ लाख. एवढ्याशा देशातून जगाच्या मंचावर इतके तरुण वादक आणि वाद्यवृंदांचे संचालक येतात कसे, असं नेहमी विचारलं जातं. उत्तर बहुतेक वेळा स्पर्धांच्या निकालांत शोधतात. आम्हाला ते अशा लहान खोल्यांमध्ये सापडेल असं वाटतं, म्हणून इथून सुरुवात.

[दृश्य : चेलोच्या खुंट्या, जवळून. हात खुंटी किंचित पिळतो.]

तालीम थांबली आहे. काहीतरी खटकलं. चेलोवाला आपली सर्वांत खालची तार पुन्हा छेडतो, आणि व्हायोलिनवाली तिच्यावर आपली सर्वांत वरची तार धरून पाहते.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. दोन व्हायोलिनं, त्यांच्याहून थोडी मोठी व्हायोला आणि बसून वाजवायचा मोठा चेलो, या चारही वाद्यांच्या तारा पंचमाच्या अंतरानं लावतात. चेलोची खालची तार सा मानली, तर पंचमावर पंचम असे चार टप्पे चढल्यावर व्हायोलिनच्या वरच्या तारेवर गंधार मिळतो. आता प्रत्येक पंचम अगदी शुद्ध लावला, तर गंधारही शुद्ध यायला हवा ना? तो येत नाही. तो चढा लागतो. जुळलेल्या तंबोऱ्यातून जो स्वयंभू गंधार आपोआप ऐकू येतो, त्याच्यापेक्षा हा अर्ध्या स्वराच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतका वर असतो. चारही वाद्यं आपापल्या जागी बिनचूक लागलेली, आणि एकत्र वाजली की खटकणारी!

म्हणून अनेक क्वार्टेट, म्हणजे असे चौघांचे संच, तारा जुळवतानाच प्रत्येक पंचम केसभर कमी ठेवतात. उरलेलं काम बोटांचं आणि कानांचं. आपला सूर बरोबर आहे की नाही, हे ठरवायला शेजारच्याचा सूर ऐकावा लागतो. आणि शेजारी हलला, तर आपणही हलायचं. सोळा-सतरा वर्षांची मुलं या एका गंधारावर अर्धा तास घालवतात. त्या अर्ध्या तासात ती जे शिकतात, ते एकटं बसून दहा तास रियाज केला तरी हाती लागणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

[दृश्य : रात्रीचे दहा. बाहेर अजून लख्ख उजेड. तळ्याकाठी वाद्यांच्या पेट्या घेऊन चाललेले लोक.]

१९७० साली सेप्पो किमानेन या चेलोवादकानं इथे चेंबर म्युझिकचा महोत्सव सुरू केला. तेव्हा तो जेमतेम विशीत होता. राजधानी सोडून इतक्या दूर आणि तेही चेंबर म्युझिक, म्हणजे तेव्हाही खास कानांचं मानलं जाणारं संगीत. सभागृह नव्हतं. शाळेची इमारत होती, एक जुनं लाकडी चर्च होतं, आणि मदतीला गावकरी. पण हेच कारणी लागलं. इथे आलेल्या वादकाला दुसरीकडे कुठे जायचंच नसायचं. एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं आणि सकाळी ज्याची ओळख झाली, त्याच्यासोबत संध्याकाळी वाजवायचं. जुलैमधले दोन आठवडे, रोज अनेक मैफली. त्यांच्या जोडीला तरुण विद्यार्थ्यांसाठी शिकवणीचे वर्ग. म्हणजे दुपारी ज्यांच्यापुढे चुका केल्या, तेच संध्याकाळी मंचावर ऐकायचे.

१९९३ मध्ये गावाला स्वतःचं सभागृह मिळालं. साडेसहाशेच्या आसपास आसनं, आतून लाकूडच लाकूड. जवळच्या लेन्तुआ तळ्याचं नाव त्याला दिलं आहे. ज्या सभागृहात आपण मघापासून बसलो आहोत, ते हेच. टाळी वाजवून पाहिली की कळतं, आवाज मऊ परततो.

[दृश्य : जुनं कृष्णधवल छायाचित्र. व्हायोलिन, चेलो, पियानो.]

हा नाद मात्र १९७० च्या बराच आधीचा. फिनलंडचा सर्वांत थोर संगीतकार यान सिबेलियस, जन्म १८६५. लोक त्याला सिम्फन्यांसाठी, म्हणजे मोठ्या ऑर्केस्ट्राच्या रचनांसाठी, ओळखतात. पण तो घडला घरातल्या त्रिकुटात : तो व्हायोलिनवर, धाकटा भाऊ क्रिस्तियान चेलोवर, बहीण लिंडा पियानोवर. तरुणपणी त्यानं ढीगभर चेंबर रचना केल्या, त्यातल्या बऱ्याच घरच्यांनी आणि मित्रांनी मिळून वाजवायच्या म्हणून. त्याला व्हायोलिनवादकच व्हायचं होतं. १८९१ मध्ये व्हिएन्नाच्या फिलहार्मोनिकमध्ये त्यानं चाचणी दिली आणि निवड झाली नाही. त्या दिवशी त्याला काय वाटलं असेल, याचा विचार केला की पोटात तुटतं.

१९०९ मध्ये त्यानं लिहिलेल्या क्वार्टेटचं नाव आहे ‘वोचेस इंतिमे’, अंतरीचे आवाज. त्यातल्या संथ भागात तीन स्वरसंघ, म्हणजे एकाच वेळी वाजणारे सूर, येतात, अगदी हलके, जणू कुणी शेजारच्या खोलीत बोलतंय. एका प्रतीत त्या तिघांच्या वर सिबेलियसनं पेन्सिलीनं हेच दोन शब्द लिहिले होते.

[ध्वनी : तीन हलके स्वरसंघ. मग शांतता, पाच सेकंद. निवेदन नको.]

सिबेलियस जिथे शिकला, ती हेलसिंकीची संगीतसंस्था मार्टिन वेगेलियसनं १८८२ मध्ये सुरू केली होती. १९३९ पासून ती सिबेलियस अकादमी म्हणून ओळखली जाते. वरची पायरी म्हणजे ही अकादमी. पण खालची पायरी जास्त महत्त्वाची, आणि ती उशिरा बांधली गेली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सरकारनं कायदा करून गावोगावच्या संगीतशाळांना नियमित अनुदान द्यायला सुरुवात केली. आज अशा शाळा शंभरच्या आसपास आहेत. पालक फी भरतात, पण खर्चाचा मोठा भार सरकार आणि नगरपालिका उचलतात. शिक्षक शिकलेले, पगारी. आणि अभ्यासक्रमात एक गोष्ट पक्की आहे : दुसऱ्यांसोबत वाजवणं. एकट्याचं वादन कितीही चांगलं असलं, तरी त्यावर भागत नाही.

[दृश्य : पूर्व हेलसिंकी. लहान वर्ग. भिंतीवर रंगीत चित्रं.]

या वर्गातल्या मुलीला अजून वाचता येत नाही. पण तिच्या वहीत चार रंग आहेत. व्हायोलिनची सर्वांत जाड तार हिरवी, तिच्यावर अस्वलाचं चित्र, कारण तिचा आवाज अस्वलासारखा घोगरा. दुसरी लाल, ती बाबांची. तिसरी निळी, आईची. सर्वांत बारीक पिवळी तार पक्ष्याची. कुठल्या तारेवर वाजवायचं, हे तिला रंगावरून कळतं. आधी नुसतं तारा छेडायचं. मग तारेच्या बरोबर मध्यावर बोट अलगद टेकवायचं. दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. तार तिथेच दुभागली जाते आणि वरच्या सप्तकातला एक निर्मळ, शीळ घातल्यासारखा सूर निघतो. त्यामुळे पहिल्याच वर्षी लहान मुलाचा हात मानेजवळ आखडून बसत नाही, सबंध पट्टीवर मोकळा फिरतो.

ही पद्धत गेझा सिल्वाय यांची. ते आणि त्यांचे चेलोवादक भाऊ चाबा मूळचे हंगेरीचे. तिथले संगीतकार झोल्तान कोडाय यांच्या विचारांत वाढलेले : आधी गाणं, मग वाद्य. फिनलंडमध्ये येऊन त्यांनी पूर्व हेलसिंकीच्या संगीतशाळेत मुलांना शिकवायला घेतलं आणि १९७२ मध्ये त्यांच्यातूनच ‘हेलसिंकी स्ट्रिंग्ज’ हा वृंद उभा केला. सगळी शाळकरी मुलं. पुढे हा वृंद परदेशांतही वाजला. ‘कलरस्ट्रिंग्ज’ या नावानं ही पद्धत आता बऱ्याच देशांत शिकवतात.

या वर्गात तीन वर्षांचा असताना एक मुलगा यायचा. पेक्का कूसिस्तो.

[दृश्य : संग्रहातलं चित्रण. १९९५, हेलसिंकी. टाळ्या.]

सिबेलियसच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६५ मध्ये त्याच्या नावानं व्हायोलिनची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. दर पाच वर्षांनी. ओलेग कगान, व्हिक्टोरिया मुलोवा, लिओनिदास काव्हाकोस असे एकाहून एक वादक ती जिंकून गेले, पण सलग तीस वर्षं पहिलं पारितोषिक एकाही फिनिश वादकाला मिळालं नाही. १९९५ मध्ये एकोणीस वर्षांच्या पेक्कानं ते मिळवलं. सिबेलियसच्या व्हायोलिन कॉन्चेर्तोच्या, म्हणजे एकट्या व्हायोलिनसाठी ऑर्केस्ट्राच्या साथीनं लिहिलेल्या रचनेच्या, सर्वोत्तम वादनाचं पारितोषिकही त्यालाच. एवढं झाल्यावर एखाद्यानं आयुष्यभर तोच कॉन्चेर्तो जगभर वाजवत हिंडलं असतं. पेक्कानं लोकसंगीत धरलं, नव्या संगीतकारांच्या रचना धरल्या, मित्रांसोबतचं लहान खोलीतलं संगीत धरलं. २०१६ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये चायकोव्हस्कीचा कॉन्चेर्तो संपल्यावर त्यानं वन्स मोअरला एक फिनिश लोकगीत घेतलं आणि हजारो श्रोत्यांना त्यातली ओळ शिकवून गायला लावलं. एवढ्या अवाढव्य सभागृहाची त्यानं पाच मिनिटांत बैठक करून टाकली. मला त्याचं १९९५ चं पारितोषिक जितकं मोठं वाटतं, तितकीच ही पाच मिनिटं.

[दृश्य : क्वार्टेट. तिघं उभे, चेलोवादक बसलेला.]

आणि हे ‘मेटा फोर’. २००१ मध्ये एकत्र आलेले चार जण. ते उभ्यानं वाजवतात, चेलोवादकाला तेवढी खुर्ची. उभं राहिल्यानं सबंध शरीर बोलतं, वळून एकमेकांकडे पाहता येतं. २००४ मध्ये मॉस्कोत शोस्ताकोविच यांच्या नावाची क्वार्टेट स्पर्धा त्यांनी जिंकली. रशियात जाऊन रशियाच्याच संगीतकाराच्या नावाची स्पर्धा! तीन वर्षांनी, २००७ मध्ये, व्हिएन्नात संगीतकार हायडनच्या नावाची. मग बीबीसीच्या तरुण कलावंतांच्या योजनेत निवड. चार जणांनी वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडत, ऐकत, एका स्वरावर अडून बसत एकत्र राहणं हीच मुळात सोपी गोष्ट नाही. लग्नं टिकवण्याइतकंच अवघड, असं क्वार्टेटवाले स्वतःच म्हणतात.

सध्या सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव म्हणजे क्लाउस मॅकेला. जन्म १९९६. चेलोवादक. लहानपणी ऑपेराच्या बालवृंदात गायला, तिथेच संचालनाची ओढ लागली, आणि बाराव्या वर्षी सिबेलियस अकादमीत योर्मा पानुला यांच्याकडे शिकू लागला. नामवंत संचालक एसा-पेक्का सालोनेन याच पानुलांचा शिष्य. २०२० मध्ये ऑस्लोचा आणि २०२१ मध्ये पॅरिसचा वृंद त्याच्याकडे आला, आणि २०२७ पासून अ‍ॅम्स्टरडॅमचा कॉन्सर्टखेबाऊ आणि शिकागो असे दोन नामांकित वृंद त्याच्याकडे असतील. त्याच्याविषयी सगळीकडे भरभरून लिहिलं जातं, म्हणून इथे जास्त बोलत नाही. एवढंच, की तो अजूनही चेलो घेऊन चेंबर म्युझिक वाजवायला बसतो.

[दृश्य : संगीतशाळेचा जिना. बाकावर बसलेली मुलं, मांडीवर वाद्यांच्या पेट्या.]

सगळं गोड नाही. संगीतशाळांतल्या जागा मोजक्या असतात. कित्येक ठिकाणी पाच-सहा वर्षांच्या मुलाची चाचणी घेऊन त्याला आत घ्यायचं की नाही हे ठरत आलं. अनुदान असलं तरी फी आहेच, वाद्याचा खर्च आहे, आणि आठवड्यातून दोनदा मुलाला पोचवायला मोकळा वेळ असलेले आईबाप लागतात. जी मुलं या जिन्यापर्यंत आलीच नाहीत, ती कोणत्याच निकालपत्रकात दिसत नाहीत. आणि अनुदान म्हटलं, की कात्री कधीही लागू शकते. मला याची काळजी वाटते. कारण अकादमी बंद पडली तर मोठी बातमी होईल, पण एखाद्या गावातला आठवड्याचा क्वार्टेटचा तास कमी झाला, तर कुणाला कळणारही नाही.

[दृश्य : पुन्हा कुह्मो. सभागृहाचं दार. चर्चची लाकडी भिंत. उन्हाची तिरीप.]

किमानेन यांनी २००५ पर्यंत कुह्मोचा महोत्सव सांभाळला. त्यांच्यानंतर रुमानियाचे व्हायोलावादक व्लादिमीर मेंडेलसन आले. २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्यामागून महोत्सवाची सूत्रं मिन्ना पेन्सोला आणि आन्त्ती तिक्कानेन या दोघांकडे आली. ‘मेटा फोर’ची दोन्ही व्हायोलिनं ती हीच.

मघाचे चौघं अजून मंचावरच आहेत. बाहेर रात्रीचे साडेदहा वाजले, तरी खिडकीतून ऊन येतं आहे. चेलोवाल्यानं खुंटी केसभर फिरवली. व्हायोलिनवालीनं वरची तार छेडून मान हलवली : नाही. दुसऱ्या व्हायोलिनवाल्यानं पेन्सिलीनं आपल्या पानावर एक खाली जाणारा बाण काढला. व्हायोलावाली डोळे मिटून ऐकते आहे.

पहिल्या व्हायोलिनवालीनं नाकानं एक आखूड श्वास घेतला.

[ध्वनी : स्वरसंघ. या वेळी जुळलेला. श्रेयनामावली.]