खडखड नेमकी कुठून येते?

गाडी जागेवर उभी आहे, गिअर न्यूट्रलमध्ये आहे, इंजिन संथपणे सुरू आहे, आणि तरीही खालून पत्र्याच्या खुळखुळ्यासारखा आवाज येतो आहे. अ‍ॅक्सिलरेटर जरासा दाबला की तो थांबतो, पाय उचलला की पुन्हा सुरू होतो. ही गाडी 15 वर्षांहून अधिक जुनी आहे. याच आवाजासाठी तिचे मागचे दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकदा बदलून झाले आहेत. खर्च झाला, आवाज मात्र होता तिथेच राहिला.

अशा आवाजाचा शोध गाडीखाली शिरण्यापूर्वीच सुरू होतो. आवाज कुठून येतो हे कानाला सहसा नीट कळत नाही, कारण गाडीचा तळ म्हणजे एक मोठा पत्राच असतो आणि पुढच्या टोकाची खडखड तो मागच्या सीटखाली आणून सोडतो. आवाज कधी येतो हे मात्र कोणालाही नेमके सांगता येते. खड्ड्यातून जातानाच ‘टक-टक’ होत असेल, तर स्टॅबिलायझरचा (वळणावर गाडीला फार कलू न देणाऱ्या दांड्याचा) लिंक रॉड म्हणजे जोडदांडी, त्याचे बुश (रबरी कडी) किंवा बॉल जॉइंट (गोळीचा सांधा) तपासावा. ब्रेकवर हलकेच पाय ठेवताच किणकिण थांबत असेल, तर ब्रेक पॅड कॅलिपरमध्ये, म्हणजे त्यांना धरून ठेवणाऱ्या चिमट्यात, सैल बसले असण्याची शक्यता मोठी. या गाडीचा आवाज उभ्या गाडीतही येतो आणि इंजिनाच्या वेगाप्रमाणे बदलतो. म्हणजे ज्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर आरोप ठेवून ते बदलले, त्यांचा यात काहीच दोष नव्हता.

चार सिलिंडरांचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 800 फेरे घेते, तेव्हा त्यात सेकंदाला सुमारे 27 वेळा इंधन पेटते, आणि त्या प्रत्येक ठोक्याची थरथर सायलेन्सरच्या नळीतून मागपर्यंत जाते. नळीला लागून असलेला एखादा सैल पत्रा नेमक्या त्याच लयीत थरथरणारा निघाला, तर तो अनुनादाने वाजू लागतो. फेरे 1,000 झाले की ठोके सेकंदाला 33 होतात, लय चुकते आणि पत्रा गप्प बसतो.

आता गाडीखाली जायचे, पण इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण थंड झाल्यावर, सपाट व टणक जमिनीवर, चाकांना अडण लावून आणि गाडी जॅक स्टँडवर टेकवूनच. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नये.

रबरी हातोडीने एकेक भाग हलके ठोकत पुढे सरकायचे. सायलेन्सर भरीव वाजतो. त्याला टांगणारे रबर शाबूत आहेत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, ठोकताना श्वास रोखून ऐकावे लागते, कारण आतली चिनी मातीची जाळी फुटली असेल तर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो आणि मग तो भाग बदलण्यावाचून इलाज उरत नाही. इथे तसे काही नाही. मात्र त्याच्या वरच्या उष्णतारोधक पत्र्याला, म्हणजे हीट शील्डला, बोटाची टिचकी लागताच तोच ओळखीचा खुळखुळा वाजतो.

बॅटरीच्या उजेडात बोल्ट जागेवर दिसतो, घट्टही लागतो, आणि नेमका इथेच माणूस फसतो. बोल्टला काही झालेले नाही. त्याच्या भोवतीचा पत्रा गंजून झडला आहे आणि भोक बोल्टच्या माथ्यापेक्षा मोठे झाले आहे. शेजारी नळीवर पैशाएवढा एक चकचकीत डाग आहे: पत्रा इतके दिवस तिथे घासत होता.

पत्रा उपटून टाकला तरी आवाज जाईल, आणि तसा सल्ला देणारेही भेटतात. तो ऐकू नये. कन्व्हर्टरच्या आतले तापमान चालू गाडीत 400 ते 800 अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि गाडीचा तळ, जवळच्या नळ्या व वायरी यांना त्या झळीपासून हाच पत्रा वाचवतो.

दुरुस्ती मात्र साधी आहे. बोल्टवर आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारून ठेवायचे, नाहीतर तो पान्यातच तुटतो. मग सैल पत्रा तारेच्या ब्रशने घासून, भोकापेक्षा बराच रुंद असा स्टेनलेस स्टीलचा वॉशर घालून बोल्ट पुन्हा आवळायचा. कडाच उरली नसेल, तर स्टीलच्या दोन होज क्लिप एकमेकींत जोडून पत्रा आणि नळी यांना मिळून वेढा द्यायचा. प्लॅस्टिकची पट्टी इथे वितळते. क्लिप फार आवळली तर जुना पत्रा फाटतो, म्हणून टिचकीला आवाज देईनासा झाला की थांबायचे.

इंजिन पुन्हा सुरू केले आहे. आधी थंड असताना, मग तापल्यावर, मग एसी लावून इंजिनावर भार टाकून ऐकले. तिन्ही वेळा खाली शांतता आहे. गाडी रस्त्यावर काढल्यावर मात्र पहिल्याच गतिरोधकावर, आजवर त्या खुळखुळ्याखाली दबलेली एक बारीक ‘टक’ ऐकू येते. बहुधा लिंक रॉड. तो तपासताना दोन्ही चाके सारख्या उंचीवर हवीत, कारण एकच बाजू उचलली की रॉडवर ताण येतो आणि त्यातला खेळ, म्हणजे सैलपणा, लपून राहतो.