चिंचोक्यांचा डाव

(दृश्य : नौपाडा, ठाणे. गोकुळाष्टमीची रात्र. जमखान्यावर पत्ते, शेजारी चिंचोक्यांचे ढीग.)

खाली रस्त्यावर उद्याच्या हंडीचे दोर ताणले जातायत, आणि वर आमचे काका सहा कॅट एकत्र पिसतायत. ३१२ पत्ते हातात मावत नाहीत, म्हणून जमखान्यावर पसरून कालवायचे. पैसे लावायचे नाहीत, चिंचोके लावायचे. तसाही महाराष्ट्रात कॅसिनो नाही. १९७६ साली त्यासाठी कायदा झाला, तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३मध्ये रद्दही झाला.

खेळ ब्लॅकजॅकचा. पत्त्यांची बेरीज २१च्या जवळ न्यायची, वर गेलात की उडालात. चित्रं दहाची धरायची. सामना पत्ते वाटणाऱ्या डीलरशी, त्याचा एक पत्ता उघडा, एक झाकलेला. कुठल्या हातावर काय करायचं याचा तक्ता अमेरिकी लष्करातल्या चौघांनी साध्या गणनयंत्रांवर हिशेब करून १९५६ साली छापला. १९६२मध्ये एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने पडलेले पत्ते मोजण्याची वाट दाखवली.

मेंढीकोटवाल्यांना यात नवल नाही. किती हुकूम उतरले हे ते मोजतातच. इथे तर तेवढंही नको. दुर्री ते छक्की पडली की अधिक एक; दश्शी, चित्र किंवा एक्का पडला की वजा एक. मधले पत्ते सोडून द्यायचे. बेरीज उरलेल्या कॅटनी भागायची. बेरीज १२, कॅट उरले ३, तर गणती ४.

(दृश्य : काकांची बोटं.)

"कमाई म्हणशील तर गणती चढल्यावर जास्त लावण्यात," काका सांगतात, "पण गंमत तक्ता मोडण्यात."

तुमचे १५, डीलरची दश्शी. तक्ता म्हणतो, पत्ता घ्या. गणती ४ असेल तर थांबायचं, कारण उरलेत ते जड पत्ते. घेतला की उडालात. १२ असताना डीलरसमोर चार दिसला तर उलटं. तक्ता थांबवतो, पण गणती शून्याखाली गेली की घ्यायचा. असे अपवाद ढीगभर. ब्लॅकजॅकवर लिहिणारे डॉन श्लेसिंजर यांनी त्यातले १८ निवडले. फायद्याचा मोठा भाग तेवढ्यातच येतो.

त्यात पहिला मान इन्शुरन्सचा, म्हणजे एका जोड-पैजेचा. डीलरचा एक्का दिसला की डावाच्या निम्मे लावायचे. झाकलेला पत्ता दहाच्या किमतीचा निघाला तर लावल्याच्या दुप्पट मिळतात. म्हणजे परवडायला तिनात एकापेक्षा जास्त पत्ते दहाचे हवेत. नव्या सहा कॅटमधून तो एक्का वगळला तर ३११मध्ये ते ९६, ३१ टक्क्यांच्याही आत. गणती ३ झाली की पारडं फिरतं. हातात चांगला डाव आहे म्हणून इन्शुरन्स घेणारे बरेच. त्या हाताचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

(दृश्य : शेवटचा डाव.)

माझे १६. डीलर काका, त्यांच्यासमोर राणी. तक्ता म्हणतो, घे. गणती शून्याच्या वर असेल तर थांब.

"किती?"

"दोन."

"मघाची छक्की धरलीस?"

"धरली. थांबतो."

काकांनी झाकलेला पत्ता उलटला. छक्की. वरून ओढली पंजी. २१.

"थांबलास ते बरोबरच," म्हणत त्यांनी माझे चिंचोके आपल्या ढिगात सारले.