डिस्चार्जनंतरचे आठवडे

(दृश्य: मिरज. रुग्णालयाचं फाटक, रात्र. जीपमधून पेशंट उतरवतात.)

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं. आजही जत, कवठेमहांकाळपासून पार कर्नाटकातल्या अथणीपर्यंतची माणसं पेशंट घेऊन इकडंच धावतात. त्यातल्या काहींबद्दल नातेवाईक खालच्या आवाजात सांगतात, "बागेत फवारताना औषध नाकातोंडात गेलं, डॉक्टर."

खरं तर तो आत्महत्येचा प्रयत्न असतो, आणि ते बऱ्याचदा सगळ्यांनाच कळलेलं असतं. पण केसपेपरवर 'एमएलसी', म्हणजे पोलिसांना कळवायची केस, असं लिहिलेलं दिसलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. गुन्हा दाखल होईल, गावभर बभ्रा होईल.

गुन्ह्याची भीती आता सोडून द्यावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं, की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं. त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम उरलेलंच नाही. पोलीस जबाब घ्यायला येतात, पण पेशंटला आरोपी करायला नव्हे. पण या भीतीपोटी कागदावर 'अपघात' लिहिलं गेलं, की मानसोपचाराच्या डॉक्टरांना बोलावणंच राहून जातं. मला हे फार मोठं नुकसान वाटतं.

(दृश्य: तासगाव परिसर. द्राक्षबाग, फवारणीचा ट्रॅक्टर.)

वाचलेल्यांपैकी अनेकजण शुद्धीवर आल्यावर सांगतात, की काही वेळापूर्वीपर्यंत असं काही मनातही नव्हतं. घरातलं भांडण, कर्ज, दारू, दुखणं आधीपासून साचलेलं असतं, आणि एखाद्या संध्याकाळी बांध फुटतो. ती वेळ टळली तर पुष्कळदा माणूसही सावरतो. म्हणून फवारणीचं औषध राहत्या घरात ठेवू नये, लांब कुलपात ठेवावं. श्रीलंकेनं सगळ्यात घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली. १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं.

(दृश्य: वॉर्डाबाहेरचा व्हरांडा. हातात डिस्चार्ज कार्ड.)

कार्डावर शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं: मानसोपचार ओपीडीत दाखवणे. कार्डाची घडी होते, गोळ्यांच्या पिशवीत जाते. जतहून पुन्हा मिरजेला यायचं म्हणजे दिवस मोडतो, रोजगार बुडतो. आणि घरच्यांना वाटतं, जीव वाचला, सुटलो.

खरा धोका मात्र याच आठवड्यांत असतो. जगभरातले अभ्यास एकत्र पाहिले तर अशा शंभर पेशंटांपैकी साधारण सोळा जण वर्षभरात पुन्हा स्वतःला इजा करतात. तरीही, एकदा वाचलेल्यांपैकी बहुतांश माणसं पुढं आत्महत्येनं जात नाहीत. हेही घरच्यांना कुणीतरी सांगायला हवं.

जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत एक प्रयोग केला. त्यात आपलं चेन्नईही होतं. रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांशी घरी सोडताना तासभर बोलले आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन करून किंवा घरी जाऊन चौकशी केली. निष्कर्ष २००८ साली आले. पहिल्या गटात १८ जणांनी आत्महत्या केली होती. दुसऱ्यात दोघांनी.

नऊ वेळा चौकशी! पहिला संपर्क आठवड्याभरातच. एखाद्या नर्सताईंनी किंवा समुपदेशकानं विचारायचं, "झोप लागती का? जेवण जातंय का? परत तसलं काही मनात येतंय का?"

हा शेवटचा प्रश्न विचारायला घरचे कचरतात. विचारलं तर नसता विचार डोक्यात घालू, असं वाटतं. तसं होत नाही. थेट विचारल्यावर माणूस बऱ्याचदा मोकळा होतो. उत्तर 'हो' आलं, तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. रात्र असो, पहाट असो, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, आणि मराठीत बोलता येतं.