डोकं ठेवायचं की केस?

कपाळापासून टाळूपर्यंत गुळगुळीत हजामत, पाठीवर कमरेपर्यंत लोंबणारी वेणी. जुन्या फोटोंतला चिनी माणूस म्हटलं की हेच डोळ्यांसमोर येतं. पण ही वेणी मुळात चिनी नव्हेच. ती मांचूंची, म्हणजे ईशान्येकडून येऊन चीन जिंकणाऱ्या लोकांची. आणि आपल्याकडच्या शेंडीशीही तिची गल्लत नको: शेंडी धर्माची खूण, ही राजनिष्ठेची.

त्यांच्या आधीच्या मिंग राजवटीतला हान, म्हणजे चीनमधल्या बहुसंख्य समाजातला, पुरुष केस वाढवून डोक्यावर बुचडा बांधायचा. केस, कातडी आईवडिलांनी दिलेली. त्यांना धक्का लावायचा नाही, अशी कन्फ्यूशियसच्या परंपरेची शिकवण.

१६४४ मध्ये मांचूंनी बीजिंग घेतलं. पुढच्याच वर्षी, बालसम्राटाचा कारभार पाहणाऱ्या डोरगोनचं फर्मान निघालं: दहा दिवसांत पुढचं डोकं भादरून वेणी ठेवा. लोकांनी त्याचा अर्थ एका ओळीत सांगितला, ‘डोकं हवं तर केस द्या, केस हवेत तर डोकं द्या.’ यांगत्सेकाठचं जियांगयिन ८१ दिवस झुंजलं. नंतर तिथे कत्तल झाली.

[दृश्य: कावड घेतलेला फिरता न्हावी]

कावडीच्या एका टोकाला गिऱ्हाइकाचं स्टूल, दुसऱ्या टोकाला शेगडीवरचं गरम पाणी. एकतर्फी प्रेमाला चिनी माणूस आजही म्हणतो, ‘न्हाव्याची कावड, एकाच बाजूला गरम!’

पिढ्या सरल्या आणि जुलमाची वेणी अंगवळणी पडली. इतकी, की १८७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या तुरुंगात हो आ काउ या चिनी कैद्याची वेणी कापली, तेव्हा तो थेट कोर्टात गेला. १८७९ मध्ये जिंकला, दहा हजार डॉलर भरपाईही मिळाली.

मायदेशात मात्र वारं फिरलं होतं. मांचू राजवट उलथवायला निघालेले क्रांतिकारक नेते सुन यात-सेन यांनी १८९५ मध्येच जपानात वेणी उतरवली. १९१२ मध्ये प्रजासत्ताक आलं आणि आता हुकूम उलटा: वेण्या कापा! काहींनी सुटकेचा श्वास सोडला, काही ओक्साबोक्शी रडले.

१९२२ च्या सुमारास पदच्युत मांचू सम्राट पु यी याने बीजिंगच्या राजवाड्यातच स्वतःची वेणी छाटली. त्याच शहरात, एडिनबरोत शिकून आलेले हान वंशाचे विद्वान गु होंगमिंग मात्र पाठीवर वेणी मिरवत फिरत होते. १९२८ मध्ये ते वारले, तोवर ती होती.